स्टेनोसाहेबांच्या सहली

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाडं सांगायच्या आधी मला एक प्रश्न विचारला.

"शनिवारी तू कुहीले घरी जाशील. त्याले इंग्रजीत काय म्हणशील?"

मी कुहीहून, माझ्या गावाहून, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करायला नागपुरात आले होते. वाटलं, इथे खोलीसाठीही प्रवेश परीक्षा असावी. "ट्रिप," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. दाढ दुखल्यावर माणूस मिटतो तसे. मग शांतपणे म्हणाले, "आपल्याच घरी गेलं तं ट्रिप नाही होत वं. तो व्हिजिट. ट्रिपले परकं गाव लागते." आणि आत वळून बायकोला सांगितलं, "दे हिले खोली. शिकन हळूहळू."

सदर बाजाराच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या त्यांच्या, वर एक खोली भाड्याची. त्या खोलीत मी आणि भंडाऱ्याची शुभांगी अशा दोघी राहायचो. गल्ली त्यांना स्टेनोसाहेब म्हणायची. आम्ही काकाजी म्हणायचो, आणि त्यांच्या बायकोला काकू.

एका मोठ्या सरकारी कार्यालयात त्यांनी सगळी नोकरी लघुलेखक म्हणून काढली होती. साहेब बोलणार, हे टिपून घेणार आणि टाइप करणार. पण त्यांचं खरं काम होतं दौरा कार्यक्रम. साहेब किती वाजता निघणार, चहा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे, सोबत कोण कोण, आणि खाली कोणाकोणाला प्रती, असा तो कागद असतो. हिवाळ्यात अधिवेशनाला मुंबईहून साहेब लोक नागपुरात उतरले की यांची बोटं उसंत घ्यायची नाहीत. कोणाला वाघ बघायचा असायचा, कोणाला तळं, कोणाच्या घरच्यांना संत्र्याची बाग. शिवाय मेजवान्या. त्यांचे मेनूही हेच टाइप करायचे, सूपपासून शेवटच्या कॉफीपर्यंत.

इतक्या लोकांच्या इतक्या सहली ज्यांनी कागदावर आणल्या, ते स्वतः रामटेकलाही गेलेले नव्हते. नागपूरच्या माणसानं रामटेक न पाहणं म्हणजे स्वतःच्या घराची गच्ची न पाहण्यासारखं आहे. पण त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांना शब्द ठाऊक होते.

"पिकनिक म्हंजे डबा घरचा अन् जागा परकी," ते सांगायचे. "आउटिंग म्हंजे संध्याकाळपर्यंत परत. एक्सकर्शन म्हंजे परत यायची वेळ जायच्या आधीच ठरलेली. जॉन्टले कारण लागत नाही. टूरले कागद लागते. अन् स्प्री म्हंजे माणूस वाया गेला."

जिन्याखाली एक पाटी टांगलेली होती. बाहेर जाताना त्या पाटीवर कुठे जातोय ते योग्य शब्दात लिहायचं, हा भाडेकरूंसाठी नियम. एकदा आम्ही दोघींनी 'पिकनिक, फुटाळा' असं लिहिलं आणि संध्याकाळी तळ्यावर कणसं खाऊन परत आलो. काकाजी खडू घेऊन पाटीपाशीच उभे होते.

"डबा नेल्ता?"

"नाही."

"मंग?" त्यांनी 'पिकनिक' खोडून 'आउटिंग' लिहिलं आणि खाली सही केली. शुभांगीनं एकदा वाढदिवसाची 'पार्टी' लिहिली, तर चौकशी करून, ती एकटीच सगळ्यांना खाऊ घालणार आहे हे कळल्यावर, त्याची 'ट्रीट' केली. मुलगी कोणाबरोबर गेली, किती वाजता आली, असलं काही त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही. शब्द बरोबर असला की त्यांचा आमच्यावर पूर्ण विश्वास.

हे इंग्रजी त्यांच्यात आलं वडिलांकडून. वडील मिलमध्ये कामगार, छप्पन साली दीक्षा घेतलेले. त्यांनी पोराला सांगितलं होतं, साहेबाची भाषा साहेबापेक्षा चांगली शीक, मग मान खाली घालायचं काम नाही. काकाजी ती शिकले. साहेबांच्या चुका ते टाइप करतानाच दुरुस्त करायचे आणि कोणाला कळू द्यायचे नाहीत. वडिलांनी सांगितलेला अर्धा भाग त्यांनी अगदी चोख पाळला.

निवृत्त होताना त्यांनी कार्यालयातला भंगारात निघालेला टाइपरायटर लिलावात विकत घेतला. तो खिडकीपाशी टेबलावर होता आणि त्याच्यावर काकूंनी भरतकाम केलेला रुमाल. दर रविवारी काकाजी घरच्या जेवणाचा मेनू टाइप करून भिंतीला टेकवून ठेवायचे. मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा त्यात चार कोर्स होते. पहिला वरण, वाटीत, नुसतं. दुसरा कोशिंबीर. भरली वांगी आणि भाकरी तिसऱ्यात.

"अहो, भाकर थंडी होऊन राहिली," काकू म्हणाल्या.

"तिसऱ्या कोर्सले वेळ आहे."

"ते तव्याले माहीत नाही ना."

"बँक्वेटमध्ये यजमानीण घाई करत नाही," काकाजी म्हणाले आणि वरण चमच्यानं प्यायले. काकूंनी माझ्याकडे बघितलं, भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्या वरणाच्या वाटीत टाकला आणि तोंडावर पदर घेतला. चौथा कोर्स गुळाचा खडा होता.

आणखी एकदा आमच्या दाराखालून एक टाइप केलेलं निमंत्रण सरकलं. 'ॲट होम. सायंकाळी पाच ते सहा.' म्हणजे खाली चहाला बोलावलं होतं. आम्ही साडेपाचला गेलो. चहा झाला, चिवडा झाला, काकूंनी मला माझ्या आईबद्दल विचारलं आणि मी जरा रंगून सांगायला लागले, तेवढ्यात घड्याळात सहा वाजले. काकाजी उठले आणि पंखा बंद केला. काकू म्हणाल्या, "तू सांग वं, मी हाय अजून ॲट होम."

नवरा-बायकोत भांडण म्हणून मी कधी ऐकलं नाही. काकू ते सगळं ऐकून घ्यायच्या. किंबहुना तेच त्यांचं हिंडणं होतं. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी काकाजी जेवताना सांगायचे, आज साहेब कुठे गेले, मॅडम काय म्हणाल्या, कुठल्या बंगल्यावर काय खाल्लं. काकूंना सगळ्या विश्रामगृहांची नावं पाठ. रामटेकजवळच्या खिंडसीच्या तळ्यावर नाव कुठून सुटते हेसुद्धा त्या सांगायच्या. त्यांनी तळं पाहिलेलं नव्हतं.

एका हिवाळ्यात काकाजींना शब्दकोशात 'जंकेट' सापडला. म्हणजे शब्द त्यांना माहीत होताच. दुसऱ्याच्या खर्चानं केलेली मौज, शक्यतो सरकारच्या. पण त्याचं मूळ त्यांनी त्या दिवशी वाचलं. आम्हा दोघींना त्यांनी खाली बोलावून घेतलं.

"पाहा. आधी जंकेट म्हंजे दुधाचा एक गोड पदार्थ होता. घट्ट, थरथरणारा. मग तो पदार्थ ज्या पंगतीत वाढते तिले जंकेट म्हणू लागले. मग लोक ती पंगत घेऊन बाहेर हिंडायले निघाले, तं त्या सहलीले जंकेट. म्हंजे पदार्थ, पंगत, सहल. तीन टप्पे."

काकू भाजी निवडत होत्या. "घट्ट दुधाचा म्हंजे खरवसच ना?"

"तसंच काही."

"मंग खरवस तं मी केला बापा किती डाव. पंगती बी उठवल्या." त्यांनी मेथीची जुडी ताटात ठेवली. "तिसरा टप्पा कुठी अडला?"

काकाजींनी चष्मा काढून पुसला. त्यांना प्रश्न विषयाला धरून वाटला नाही. ते 'बँक्वेट'कडे वळले.

तिसरा टप्पा कुठे अडला ते मला काकूंनीच सांगितलं, एका दुपारी, गच्चीवर वाळवण राखत बसलेल्या असताना. लग्नाचं दुसरं वर्ष होतं. साहेबांनी कार्यालयातल्या लोकांची, घरच्यांसकट, खिंडसीला सहल काढली. कार्यक्रम अर्थातच काकाजींनी टाइप केला. यादीत सगळ्यांची नावं घातली आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं आणि काकूंचं.

"मी हिरवी साडी इस्त्री करून ठेवली होती. दशम्यांचं पीठ बी मळून ठेवलं. संध्याकाळी हे आले तं कागद दाखवला. सायबानं लाल पेन्सिलीनं दोघायचीबी नावं काटली होती."

"काहून?" मी विचारलं. तोपर्यंत मीही काहून म्हणायला लागले होते.

"स्टेनो हापिसात लागते म्हणे."

"मग तुम्ही काय केलं?"

"दशम्या केल्या. भिजवलेलं पीठ का फेकून द्यायचं होतं?"

मला साहेबाचा फार राग आला. मी तो काकाजींसमोर बोलूनही दाखवला. ते चकित झाले. "साहेब बरोबर होते," ते म्हणाले. "कार्यक्रमात बदल झाला तं नवीन कोण टाइप करन? टाइप करणाऱ्यानं जायचं नसते." आणि पुढच्या सगळ्या नोकरीत त्यांनी कुठल्याही यादीत स्वतःचं नाव पुन्हा घातलं नाही. कोणी खोडण्याची वेळच येऊ दिली नाही.

माझी बँकेत निवड झाली आणि अकोल्याला नेमणूक आली, त्याच महिन्यात डॉक्टरांनी काकूंचे दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. त्यानंतरही पायऱ्या, उतार, खालीवर चढणं जपूनच. काकूंनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "पोरी, एक डाव नावेत बसायचं होतं मले. ह्यायच्यासंगं. आता हे गुडघे आहेत तोवरच काय ते." त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. वाणसामानात एखादी वस्तू राहून जावी तसं सांगितलं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

मी त्याच संध्याकाळी काकाजींना म्हणाले, "मला नोकरी लागली. मी गाडी करते. रविवारी आपण खिंडसीला जायचं."

"ही तुझी ट्रीट," ते म्हणाले.

"हो."

"पण जाणं कशात मोडते?"

यावर चार दिवस गेले. डबा घरचा म्हणून पिकनिक, संध्याकाळी परत म्हणून आउटिंग, खर्च दुसऱ्याचा म्हणून जंकेटचीही थोडी छटा. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जे काय असन ते असो, नावेत बसवा म्हंजे झालं." शेवटी शनिवारी निकाल लागला. एक्सकर्शन. आणि रुमाल बाजूला करून त्यांनी दुपारभर टाइपरायटर चालवला. खालून टकटक येत होती आणि आम्ही वर ऐकत होतो. शुभांगी म्हणाली, "माणूस खुश दिसून राहिला."

कार्यक्रम देखणा होता. साडेसातला निवासस्थानाहून प्रस्थान. सव्वानऊला चहा. दहाला नौकाविहार. अर्ध्या तासाची विश्रांती, कंसात 'गुडघ्यांकरिता'. एक प्रत ड्रायव्हरला, एक आम्हाला, एक दारावर, एक फायलीत, एक स्वतःच्या खिशात.

रविवारी गाडी आली. काकूंनी हिरवी साडी नेसली होती. ती जुनी नव्हे, नवीन, पण हिरवीच. दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या मागच्या सीटवर खिडकीशी बसल्या आणि शेजारी जागा ठेवली. मी आणि शुभांगी त्यांच्याही मागच्या, शेवटच्या सीटवर. काकाजी फाटकात घड्याळ बघत उभे होते. त्यांनी दार नीट लागलं का पाहिलं, डिकी पाहिली, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सात अठ्ठावीस. निघा."

"बसा ना," काकू म्हणाल्या.

"कोठी?"

"कोठी म्हंजे? गाडीत."

काकाजींनी खिशातून कार्यक्रम काढला. वाचला. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मी त्यांचा चेहरा पाहत होते, म्हणून खात्रीनं सांगते की त्यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. आम्हीही वेळाच वाचल्या होत्या, नावं नाही. यादीत काकूंचं नाव पहिलं होतं, मग माझं, मग शुभांगीचं, मग ड्रायव्हरचं. तिथे बोटं थांबली होती. इतकी वर्षं जिथे थांबायची तिथेच.

"माझं नाव नाही यात," ते म्हणाले. त्यांनाच ती बातमी होती. मग सावरले. "बरोबर आहे. स्टेनो इथं लागते."

"कोणाले लागते?"

"कार्यक्रमात बदल झाला तं…"

"कोण बदलते? सायब तं मी हाय आज. पयलं नाव माह्यं आहे ना?"

"अवं, सगळ्या प्रती वाटून झाल्या. आता त्याच्यात खाडाखोड नाही करत."

"काकाजी, बैठ जाओ ना यार," ड्रायव्हर म्हणाला. "सीट खाली है."

सीट रिकामी असणं आणि यादीत नाव असणं यातला फरक काकाजी त्याला समजावून सांगणार होते. साडेसात वाजून गेले होते. त्यांच्या हातचा कार्यक्रम उशिरा सुटण्याची ती पहिलीच वेळ, तरी ते फाटकातून हलले नव्हते. मला एकदम कळलं की हे खरंच येणार नाहीत. हट्ट नव्हता तो. त्यांना गाडीत बसता येत नव्हतं.

काकूंनी डबा बाजूला ठेवला. ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुह्या जवळचा कागद काढ. पेन आहे? चार नावं झाली. पुढं पाच नंबर लिह."

आणि त्यांनी नाव सांगितलं. नवऱ्याचं. काकूंनी ते नाव कधी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं, लग्नात घेतलं असेल ते उखाण्यात. आज उखाणा नाही, काही नाही. आधी नाव, मग सासऱ्यांचं नाव, मग आडनाव, स्पष्ट, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. समोरच्या घरात झाडू मारणारी बाई थांबली. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर कागद धरून लिहून घेतलं.

काकाजी फाटकात उभेच. लाजले होते की काय झालं होतं मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, "हातानं केलेल्या दुरुस्तीले… अधिकाऱ्याची सही लागते."

"आणा इकडं," काकू म्हणाल्या.

काकूंना सही येत होती. त्यांनी पाचव्या नंबरासमोर ती केली, सावकाश, वेलांटी नीट वळवून. काकाजींनी सही तपासली. कागद घडी करून ड्रायव्हरला परत दिला. मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आले आणि काकूंच्या शेजारी बसले. सात एकेचाळीस. शुभांगी रडत होती आणि मी तिला गप्प बस म्हणत होते, स्वतः रडत रडत.

नावेत दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून ते बसले होते. काकूंनी पाण्यात हात घातला आणि विचारलं, "घाबरून राहिले का?"

"नाही. निरीक्षण करून राहिलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यक्रमाची सुधारित प्रत टाइप केली आणि फायलीला लावली. यादीत प्रत्येक नावापुढे हुद्दा होता. माझ्यापुढे बँक अधिकारी, शुभांगीपुढे विद्यार्थिनी. पाचव्या नंबरापुढे त्यांनी टाइप केलं होतं 'हजबंड'.

मागच्या पावसाळ्यात काकाजी गेले. मला कळायला उशीर झाला. अकोल्याहून मी गेले तेव्हा काकू बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, टाइपरायटरवर रुमाल होता, जिन्याखालची पाटी कोरी होती. त्यांनी मला पाणी दिलं. मग कपाटातून ती सुधारित प्रत काढली. काकूंना इंग्रजी येत नाही, पण बोट बरोबर पाचव्या ओळीवर गेलं.

मी विचारलं, कागदपत्रांचं सगळं झालं का. म्हणाल्या, होऊन राहिलं. महानगरपालिका झाली, बँक झाली, आता पेन्शनचं ऑफिस. दर खिडकीवर विचारतात, मयताचं पूर्ण नाव सांगा. सांगावं लागते.

"तेव्हा एकच डाव घेतलं, तं गाडीत येऊन बसले," काकू म्हणाल्या. "आता रोज घेऊन राहिली मी. कोणी येत नाही."